एकानेच उभं राहायचं

नियम आहे तसा.
खेळ चालू असताना बेंचवरून
एकानेच उभं राहायचं,
कोचने, नाहीतर असिस्टंटने.
वर्गीस सर उभे असतात.
मी बसते.
मांडीवर पाटी, कानामागे पेन्सिल,
पायाशी बर्फाचा डबा.
बर्फ आत्याकडचा, दिवाळ्याच्या मासळीबाजारातला.
घोटा मुरगळला की आमच्या पोरी
एका हाताने नाक धरून लंगडतात.

सात वर्षं झाली जर्सी काढून.
लोकांना सांगते, गुडघा गेला.
सोपं पडतं.
गुडघा शाबूत आहे.
कॉलेज संपलं, एवढंच.
ठाणे-बेलापूर रोडवर एवढ्या कंपन्या,
पॉइंट गार्ड हवा आहे
अशी पाटी एकाही गेटवर नव्हती.
म्हणून दिवसा पतपेढी,
सहानंतर हे.

घणसोलीचं हे कोर्ट आहे ना,
इथे आमची खाचरं होती.
बाबा थ्री-पॉइंटच्या रेषेपाशी चप्पल टेकवून दाखवतो,
बांध इथपर्यंत.
साडेबारा टक्क्यांत मिळालं त्यावर
काकाने चार मजले चढवले.
माझ्या वाटणीला हा बांध.
अकरावीपासून त्याच्यावर बॉल आपटतेय,
अजून भात उगवलेलं नाही.

खेळायचे तेव्हा मला चेहरे दिसायचे नाहीत.
फटी दिसायच्या.
दोन खांद्यांमधली,
किंवा जी अजून उघडायची आहे ती.
बॉल अशा जागी सोडायचा
जिथे कुणीच नाही,
आणि मुकादम तिथे यायची.
हाक न मारता. दर वेळी.
आता ती तळोज्याला असते, दोन मुलं.
फोन केला तर म्हणते,
सांगशील तिथे येते गं,
फक्त बुधवार नको.

फटी अजून दिसतात.
पामबीचच्या सिग्नलला,
पतपेढीतल्या रांगेत,
लग्नाचा विषय काढताना आई श्वास घेते तेव्हा.
उपयोग काही नाही.

आज नेरूळशी.
दोन गुणांनी मागे, एक मिनिट दहा सेकंद.
कल्याणी चोरगे बॉल घेऊन वर येते.
कोपरखैरण्याची, माथाडीची पोर,
गर्दीत खांदा आधी घालते, बापासारखी.
उजवीकडे फट पडते आहे.
तिला दिसलेली नाही.
मला दिसून गेली.
सर ओरडतात, लेफ्ट, लेफ्ट!
आणि कल्याणी
सरांच्या कमरेशेजारून, किंचित वाकून,
माझ्याकडे बघते.

एक भुवई पुरली असती.

मी पाटीवर मान घातली.
आधीच मोजलेले फाऊल पुन्हा मोजले.
तीन. तीन. तीनच.
ती डावीकडे गेली.
तिथे नेरूळच्या दोघी उभ्याच होत्या.
बॉल कुणाच्या तरी नडगीला लागून
गटाराच्या जाळीपर्यंत घरंगळला.
आमचाच, म्हणाला पंच.
एकोणीस सेकंद.

सर वळले. घसा धरला.
आवाज नव्हताच उरलेला.
खुर्चीत बसले तेव्हा पहिल्यांदा दिसलं
त्यांच्या टकलावर घाम कसा साचतो ते.
हातानेच म्हणाले, ऊठ.

उठले.
डबा कलंडला, बर्फ पायांवर.
सात वर्षं साठवलेलं सगळं
जिभेच्या टोकाशी आलं होतं,
उजवीकडे, मागून, आत्ता, थांब, सोड!
समोर बघितलं
तर फट कुठेच नाही.
पाच चेहरे.
एकीच्या ओठाला रक्त,
एक रडायच्या बेतात,
एक उगाचच हसतेय.
कल्याणीच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

नाडी बांध, मी ओरडले.

ती खाली बसली, बांधायला लागली,
आणि बाकीच्या चौघी
आपापल्या बुटांकडे बघू लागल्या.